बघून झालं की जमा

आज दुपारी चादरीची घडी अर्धीच राहिली. दोरीवरचे कपडे काढून आणले होते. अभ्रे, टॉवेल, ह्यांचे सदरे माझे मी आटोपले, पण मोठ्या चादरीला दुसरं माणूस लागतंच. म्हणून वन्संना हाक मारली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एकतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर काढली आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. त्या आल्या, दोन टोकं धरली. चादर झटकली, मधोमध दुमडली, आणि आठ दिवस जिभेवर घोळत होतं ते मी विचारून टाकलं.

"मामंजी तुमच्याशी बोलत का नाहीत? काही झालंय का?"

"मला माहीत असतं तर मी नसतं का मिटवलं? चहा दिला तर घेतात. औषध दिलं तर घेतात. तोंडाकडे बघत नाहीत."

माझे सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते. वय सत्त्याऐंशी. एरवी त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म, पण आपला विषय निघाला की भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. तिथूनच म्हणाले, "तिला विचार, माझी पडद्यावाली कुठे घालवली."

वन्संच्या हातातली टोकं सुटली. धुतलेली चादर फरशीवर पडली आणि त्या तशाच बाहेर गेल्या.

पडद्यावाली म्हणजे माझ्या सासूबाईंचं शूटिंग. मामंजींनी कुणाचा तरी कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला होता तेव्हाचं. सासूबाई स्टुलावर चढून खिडकीला नवा पडदा लावताहेत आणि तोंडाचा पट्टा चालू आहे. "ते यंत्र ठेवा आणि मला रिंगा द्या. अहो, हसताय काय? पडले म्हणजे?" सगळं मिळून अकरा मिनिटं. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांचा आवाज जगात तेवढाच. मामंजी रोज दुपारी चहाआधी ते लावत. आम्हाला सवय झाली होती. स्वयंपाकघरात कप मांडता मांडता "रिंगा द्या" ऐकू आलं की मी आधण ठेवायची. आठ दिवस ते ऐकू आलंच नव्हतं, हे आत्ता माझ्या ध्यानात आलं.

वन्संनी रिमोट घेतला. टीव्हीवर घरच्या व्हिडिओंची यादी उघडली. वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. पडद्यावाली नव्हती.

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

मामंजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

वन्सं आत येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. "अगं, ती कॅसेट मीच टाकायला सांगितली होती," एवढंच म्हणाल्या. दुकानदाराने कॅसेटवरून शूटिंग डिस्कवर उतरवून दिलं तेव्हा म्हणाला होता, बुरशी धरलीय, ठेवून उपयोग नाही. वन्संना बुरशीचं वावडं. वाचनालयात एका बुरशीच्या पुस्तकाने अख्खं कपाट खराब झालेलं त्यांनी पाहिलंय. म्हणून कॅसेट कचऱ्यात गेली. म्हणजे आता टीव्हीच्या डिस्कवर नसेल तर कुठेच नाही.

मी देवापुढे जाऊन उभी राहिले. रोज उभी राहते तेव्हा शब्द आपोआप येतात. आज आले नाहीत. हरवलेलं सापडू दे म्हणावं, तर ते असायला तर हवं! हात जोडून नुसतीच उभी राहिले. त्याला कळलं असेल ते असेल.

वन्संविषयी लिहायचं तर आधी त्या पेटीविषयी लिहायला हवं. अडीच महिन्यांपूर्वी मुलगा रजेवर आला तेव्हा त्याने टीव्हीला एक छोटी पेटी जोडली, तिला डिस्क लावली आणि मीडिया सेंटर म्हणून एक सॉफ्टवेअर घालून दिलं. "आई, आता सिनेमे, मालिका, गाणी, तुझी प्रवचनं, घरचं शूटिंग, सगळं एका ठिकाणी." एका ठिकाणी होतं हे खरं. गोणीत कांदे, बटाटे, चपला, पुस्तकं भरली तरी एका ठिकाणीच होतात. रजा संपली, मुलगा गेला, गोणी राहिली.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड आहे. फाईलचं नाव वाचायचं, इंटरनेटवर जुळणारा सिनेमा शोधायचा आणि त्याचं पोस्टर, गोष्ट, नटनट्या सगळं आणून चिकटवायचं. सिनेमा असेल तर सोय. पण मामंजींच्या सत्तरीच्या शूटिंगवर बंदूक घेतलेला दाढीवाला आला. मी लावते त्या प्रवचनावर पोहण्याच्या कपड्यांतली बाई आली; मी पदराने टीव्ही झाकला. आणि आमच्या लग्नावर भुताच्या सिनेमाचं पोस्टर. हे म्हणाले, "यंत्र हुशार आहे. बघताक्षणी ओळखलं."

"आरशात बघून ओळखलं असेल," मी म्हटलं.

आम्ही हसून सोडून दिलं. वन्संना सोडवेना. त्या टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "हे वाचनालय असतं तर मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली, पट्टीने उभ्या रेघा मारल्या आणि कामाला लागल्या. दोन महिने लागले. सकाळी पूजा आटोपून मी बाहेर येई तो या पेन्सिल कानामागे खोचून बसलेल्या. मुलाला फोन करून विचारायच्या, पण एकदाच. सांगितलेलं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायच्या.

त्यांचं वर्गीकरण मला आता पाठ झालंय. सिनेमा असेल तर प्रत्येकाला आपापला कप्पा आणि नावापुढे साल, कारण एकाच नावाचे दोन-दोन सिनेमे असतात. मालिका असेल तर पर्वाचा आकडा आणि भागाचा आकडा, एका ठराविक पद्धतीने. एक टिंब चुकलं तरी यंत्र भाग ओळखत नाही. माझी चाळीस प्रवचनं त्यांनी मालिकाच केली: पर्व पहिलं, भाग एक ते चाळीस. महाराज जन्मात कधी मालिकेत आले नसतील, माझ्याकडे आले. गाण्यांना गाणाऱ्याच्या नावाचा कप्पा. आणि घरचं शूटिंग सगळ्यात वेगळं ठेवलं. त्या कप्प्याला सांगून ठेवलं की इथे बाहेर जाऊन काही शोधायचं नाही, नाव आम्ही लिहू तेच दाखवायचं. नावात आधी साल, मग प्रसंग, मग माणसं. दाढीवाला गेला, भूतही गेलं. ह्यांना जरा वाईट वाटलं.

प्रत्येक वस्तूला वहीत एक अनुक्रमांक. चारशे अडतीस नोंदी झाल्या, त्याला आता नऊ-दहा दिवस झाले. त्या दिवशी वन्संनी पेन्सिल खाली ठेवली, चहा मागितला आणि तो गरम असतानाच प्यायल्या. हे क्वचित घडतं.

त्यांच्या नोकरीतलं सगळं मला ठाऊक नाही. मी दोन-तीनदाच त्यांना काउंटरवर पाहिलं असेल. पुस्तक परत आलं की त्या पानं चाळून बघायच्या, शिक्का मारायच्या आणि लगेच मागच्या गाडीवर ठेवायच्या. आलेलं पुस्तक काउंटरवर पडून राहिलेलं खपायचं नाही. "समोर फक्त जायचं पुस्तक ठेवावं. आलेलं आत." नव्या माणसांना हेच शिकवायच्या. मी एकदा बघत उभी होते. एका म्हाताऱ्या बाईंनी आत्ताच परत केलेलं पुस्तक पुन्हा मागितलं, शेवटचं पान राहिलंय म्हणून. वन्संनी गाडीवरून काढून दिलं, पण भुवया वर गेल्याच.

बाहेरच्या खोलीचं कपाट असो की डब्यांची फळी, त्या आल्यापासून घर सरळ झालं. मला पहिली दोन वर्षं जड गेली, लपवत नाही. स्वतःच्या घरात मीठ शोधावं लागायचं. पण एकदा मला ताप आला तेव्हा घर तीन दिवस माझ्याशिवाय चाललं, कारण प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. तेव्हापासून मी बोलणं सोडलं. आणि त्यांना तरी दुसरं काय होतं? इथे आल्या तेव्हा म्हणायच्या, "मी काय, आयतं खाणारी." पेटीचं काम हाती आल्यापासून ते म्हणणं बंद झालं होतं. शेजारच्या बाई यादी बघायला आल्या, तर वन्संनी त्यांना अर्धा तास पर्व आणि भाग समजावले. त्या बिचाऱ्या साखर मागायला आल्या होत्या.

म्हणून आज पलंगाच्या कडेवर बसलेल्या वन्संकडे मला बघवेना. आई गेली तेव्हा या नोकरीवर होत्या, निरोप उशिरा पोचला. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आता आईचा आवाजही आपल्याच हातून गेला, असं त्यांच्या मनात आलं असणार.

त्यांनी मुलाला फोन लावला. "आत्या, मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी बघतो. तोवर काही दाबू नकोस."

"काही दाबू नकोस म्हणतो," वन्सं मला म्हणाल्या, "म्हणजे दाबल्यामुळेच गेलं असणार." मग उठून फळीवरून वही काढली. "तपासणी करू. तू वाच, मी खूण करते."

वाचनालयात वर्षातून एकदा दार बंद करून तपासणी करायचे. वहीतला प्रत्येक आकडा आणि कपाटातलं प्रत्येक पुस्तक जुळवायचं. तसंच आम्ही बसलो. मी टीव्हीवरचं नाव मोठ्याने वाचायचे, त्या वहीत टिंब द्यायच्या. ओट्यावर भाजी चिरायची राहिली होती, चादर फरशीवर होती. मामंजी खिडकीकडे बघत असल्यासारखे बसले होते, पण मी एक नाव चुकून गाळलं तर तिकडून खाकरले.

दीड तासाने यादी संपली. वन्संनी बेरीज केली. "चारशे एकोणीस. एकोणीस कमी."

मला वाटलं, संपलं. एक नाही, एकोणीस. त्यांचा चेहरा मात्र उलट जरा सावध झाला. एकोणीस म्हटल्यावर त्यांच्यातली काउंटरवाली जागी झाली.

"एखादं गेलं तर चोरी," त्या म्हणाल्या. "एकोणीस गेली तर काहीतरी पद्धत आहे. कुठली गेली ते वाचते, ऐक. तुझी प्रवचनं, भाग एक ते सात."

"ती माझी ऐकून झाली."

"आठवा आहे."

"आठवा मी उद्या लावणार होते."

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "हा जुना कोर्टाचा सिनेमा?"

"ह्यांनी रविवारी बघितला. शेवटपर्यंत. मी जेवायला तीनदा हाका मारल्या."

"जंगलातल्या वाघांचं?"

"मामंजींनी."

वन्संनी पेन्सिल वहीच्या घळीत ठेवली. रिमोट घेतला, यादीच्या कडेला असलेलं एक पान उघडलं, एकेक ओळ बोटाने वाचत खाली गेल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. तिथे लिहिलं होतं, बघितलेले लपवा. समोर बरोबरची खूण होती.

"ही मीच केली," त्या म्हणाल्या. "काम संपलं त्या दिवशी. वाटलं, बघून झालेलं कशाला समोर पडून राहायला हवं."

खूण काढली. यादी क्षणभर थरथरली आणि लांब झाली. मी वाचायला लागले, वाचता वाचता माझाच आवाज चढला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. एक हजार नऊशे किती ते साल, पडदा लावताना, आई. नाव त्यांच्याच हाताने टाइप केलेलं. शेजारी एक हिरवी खूण, म्हणजे पूर्ण बघितलेलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "इकडे बघा."

मामंजींनी मान वळवली. बराच वेळ टीव्हीकडे बघितलं, मग मुलीकडे. "दिलीस परत?"

"परत म्हणजे? मी कुठे घेतली होती?"

"बघून झालं की जमा. तुझा नियमच आहे तो. तिकडे पुस्तक हातातून घ्यायचीस, इकडे हे. म्हटलं, असेल बाई." खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं हलत होती. "वाघ ने, क्रिकेट ने, काही म्हणणं नाही. पण आईला जमा करतेस? आईला?"

आता मला एकेक उमजायला लागलं. आठवडाभर मामंजी टीव्हीवर काहीही लावायचे आणि संपत आलं की खटकन बंद करायचे. मी ह्यांना म्हटलंही होतं, वय झालं, शेवटपर्यंत लक्ष लागत नाही. कसलं काय! वाघांचा शो संपला आणि नाहीसा झाला तेव्हाच त्यांनी ताडलं होतं. त्यानंतर सामन्याची शेवटची षटकं नाहीत, सिनेमाचा शेवट नाही. जे पुरं होत नाही ते यादीत राहतं, एवढा शोध त्यांनी एकट्याने लावला होता. आम्हा दोघींना मिळून तिथे पोचायला दीड तास लागला.

"मग विचारायचं तरी मला," वन्संचा आवाज चिरकला. "आठ दिवस! मी रोज समोर चहा ठेवते."

"तुला काय विचारणार? मी एकदा आलो होतो तुझ्या काउंटरवर. बाप म्हणून पुढे गेलो, तर सगळ्यांदेखत रांगेत मागे पाठवलंस."

"तेवीस वर्षं झाली त्याला!"

"झाली ना. विसरलोय थोडंच?"

मला हसू आवरेना, म्हणून मी चादर उचलायला वाकले. वन्सं हसल्या नाहीत. खुर्चीजवळ फरशीवर बसल्या, या वयात, गुडघे दुखत असताना, आणि लहान मुलाला समजावतात तसं एकेक समजावलं. ही हिरवी खूण म्हणजे काय, लपवणं म्हणजे पुसणं नव्हे, डिस्कवर सगळं जिथल्या तिथे होतं. मामंजी "हं हं" करत राहिले. किती कळलं देव जाणे. शेवटी विचारलं ते एवढंच, "म्हणजे आता पूर्ण बघितली तरी राहील?"

"राहील."

"रोज?"

"रोज."

त्यांनी रिमोटसाठी हात पुढे केला.

अकरा मिनिटं आम्ही तिघं तिथेच होतो. सासूबाई स्टुलावर चढल्या, रिंगा मागितल्या, कॅमेरावाल्याला तीनदा वेडं ठरवलं. पडदा लावून झाल्यावर त्या मागे वळतात आणि विचारतात, "वाकडा आहे का हो?" तिथे मामंजींचा अंगठा सवयीने बटणावर गेला. वन्संनी वरून आपला हात ठेवला. "चालू द्या, बाबा." टीव्हीतले मामंजी, पस्तीस-चाळीस वर्षांनी तरुण, म्हणाले, "सरळ आहे, सरळ आहे." तो धडधडीत वाकडा होता. सगळ्यांना दिसतं.

संपलं. यादी परत आली. नाव जागेवर होतं. मामंजींनी पाच मिनिटं थांबून पुन्हा यादी उघडली, खात्री करायला. मग चहा मागितला, तोही वन्संकडे. "साखर कमी टाकतेस हल्ली," म्हणाले. आठ दिवसांतलं पहिलं गाऱ्हाणं.

चहा करताना वन्संनी मला सांगितलं ते लिहून ठेवते. म्हणाल्या, "तिकडे कुणी रोज येऊन तेच पुस्तक नेलं असतं तर मी त्याला खुळा म्हटलं असतं. नियम बरोबरच होता गं. जागा चुकली." मी म्हटलं, जाऊ द्या, सापडलं ना. त्या म्हणाल्या, "सापडलं नाही, लपलं होतं. खरंच गेलं असतं तर? कॅसेट मी टाकलीय. एका डिस्कच्या भरवशावर आई ठेवलीय आपण." कप हातात तसाच होता, चहा निवून गेला.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकून म्हणाले, "दुसरी डिस्क मागव फोनवरून, दोन दिवसांत येईल."

"दोन दिवस नकोत," वन्सं म्हणाल्या. "आणि हातात घेऊन बघितल्याशिवाय मी काही घेत नाही."

त्यांनी वहीत मागच्या पानावर डिस्कचं माप लिहून घेतलंय. पावसाचं लक्षण नाही तरी छत्री दारात काढून ठेवलीय. चादर आम्ही दोघींनी मिळून पुन्हा पाण्यात टाकली. मामंजी लवकर झोपले. उद्या सकाळी दुकान उघडलं की वन्सं दुसरी डिस्क आणायला जाणार आहेत.